गवत झोपलंय

गवत टेम्पोतून आलं. आमच्या शाळेत शिकून गेलेला एक जण जालन्याजवळ रोपवाटिका चालवतो. कुठल्याशा मंगल कार्यालयासाठी त्यानं लॉन तयार केलं होतं, त्यातलं थोडं उरलं. उरलेलं शाळेला द्यावं असं त्याच्या मनात आलं आणि पोळा झाल्यावर पंधरा दिवसांनी तो स्वतःच ते घेऊन दारात उभा राहिला. टेम्पोत पाटाएवढे चौकोन एकावर एक रचलेले होते, वरून ओलं पोतं झाकलेलं. पोतं काढलं तेव्हा जो वास आला तो मुलांना नवा नव्हता, शेतातली मुलं ती. पण गवत असं घडी करून आणता येतं हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. दुसरीतल्या एकानं हळूच विचारलं, "ह्याला इस्त्री केली का?"

आमची शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची, पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडच्या गावात, रस्त्याला लागून. मी पहिली-दुसरीला होते. दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसायचे आणि त्या खोलीचं दार बरोबर झेंड्याच्या कट्ट्यासमोर उघडायचं. तिथंच, कट्ट्याच्या पुढ्यात, दोन खोल्यांएवढी जागा खणून, दगड वेचून, शेणखत घालून तयार केली होती. गावातल्या लोकांनी खणायला मदत केली, दगड मुलांनी वेचले. रोपवाटिकेवाल्यानं दिवसभर गुडघ्यांवर बसून ते चौकोन एकाला एक लावले आणि फळीनं हलके हलके ठोकून बसवले. संध्याकाळी उठला तेव्हा त्याची पॅन्ट पार हिरवीकाळी झाली होती.

हेडसरांना आणि मला समोर घेऊन तो म्हणाला, "सर, एकवीस दिवस ह्याच्यावर कुणाचाच पाय पडू द्यायचा न्हाई. सकाळ-संध्याकाळ पाणी. आत्ता हे नुसतं ठेवलेलं हाय, खाली धरलेलं न्हाई. पाय पडला की सरकतं, मुळं तुटतेत. एकदा धरलं की मंग खुशाल नाचा."

"पोरं हायेत," हेडसर म्हणाले.

"म्हणून तर सांगून राह्यलो."

मुलांच्या बाजूनं पाहिलं तर गोष्ट वेगळी होती. शाळेच्या आवारात सपाट जागा तेवढीच. मागच्या बाजूला उतार आणि दगड. लंगडी, कबड्डी, चेंडूफळी सगळं त्या मुरमाच्या तुकड्यावर व्हायचं. दगड त्यांनीच वेचले, आणि आता तिथं जायचं नाही म्हणे.

राखण माझ्याकडे आली, कारण माझं दार समोर. पहिल्या दिवशी आम्ही चारी बाजूंनी खुंट्या ठोकून सुतळी बांधली. मधल्या सुट्टीत मुलांनी सुतळीवरून उड्या मारायचा खेळ काढला. दुसऱ्या दिवशी बाभळीच्या फांद्या आणून टाकल्या. त्या दुपारपर्यंत कुणीतरी कडेला नीट रचून ठेवल्या. हेडसरांनी प्रार्थनेच्या वेळी दम दिला. त्यानंतर कुणी मुद्दाम जात नव्हतं, पण चेंडू जायचा, कुणाचा तरी तोल जायचा, कुणाला कुणीतरी ढकलायचं. पाचवीतल्या एका मुलीला मी मधोमध पकडलं तर ती शांतपणे म्हणाली, "एकाच पायानं गेल्ते, म्याडम." लंगडी चालली होती तिची.

मी ओरडत होते. दारात उभी राहून शिकवायचं आणि मान वळवून ओरडायचं. चौथ्या दिवशी सकाळी स्कूटी लावून वर्गात आले, हजेरीसाठी तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. घसा पूर्ण बसला होता. नुसती हवा बाहेर पडत होती. मी तशीच कुजबुजत नावं घेऊ लागले. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग त्यांनीही कुजबुजत "हजर" म्हणायला सुरुवात केली.

पहिल्या रांगेतली एक मुलगी बाकावरून पुढं झुकली. पहिलीतली, बारीक, दोन्ही वेण्यांना वेगवेगळ्या रंगाच्या रिबिनी असायच्या तिच्या. तिनंही अगदी हळू विचारलं, "म्याडम, आपण हळू का बोलून राह्यलो?"

घसा बसलाय असं सांगायचं होतं. माझी नजर दारातून बाहेर गेली. ऊन कोवळं होतं, नुकतंच पाणी दिलेलं होतं, आणि ते गवत एका अंगावर पडल्यासारखं दिसत होतं. मी म्हणाले, "गवत झोपलंय."

बस, एवढंच. ठरवून काही बोलले नव्हते.

वर्गातली सगळी मुलं दाराकडे वळली. मग एकानं विचारलं, का झोपलंय? मी सांगितलं, लांबून आलंय, जालन्याकडून, टेम्पोत उभ्यानं. थकलंय. नवीन जागा आहे. त्याला झोपू द्यायचं.

मधल्या सुट्टीत माझी चाळीस मुलं चपला हातात घेऊन त्या सुतळीच्या कडेनं गेली. तिसरी-चौथीतली धावत आली तर ह्यांनी ओठांवर बोटं ठेवली. मोठी मुलं हसली. सहावीतला एक जण म्हणाला, "येडे झाले का रे, गवत कधी झोपतं का?" पण त्याची धाकटी बहीण माझ्या वर्गात होती. तिनं त्याच्याकडे असं काही पाहिलं की तोही चेंडू काखेत धरून मागच्या उताराकडे निघून गेला. आठवडा संपेपर्यंत सगळी शाळा त्या बाजूला आली की पाऊल हलकं टाकायला लागली होती. मोठ्यांना ते खोटं आहे हे माहीत होतं, पण धाकट्यांसाठी तेही त्यात सामील झाले होते. हेडसर घंटेवर एकच टोला द्यायचे, तोही सांभाळून. मला म्हणाले, "काय केलं तुम्ही? साहेब तपासणीला आले तरी इतकी शांतता नसती."

ते दिवस अजून माझ्या अंगात मुरलेले आहेत. दुपारी रस्त्यावरून पिंपळगावच्या बाजाराकडे मिरचीचे टेम्पो जायचे आणि त्यांच्या मागोमाग तो तिखट वास आत यायचा, दोन-चार मुलं तोंडावर हात दाबून शिंकायची. पलीकडे मका माणसाच्या वर गेला होता. वारा आला की मक्याची पानं सळसळायची आणि मग गवतावरूनही काहीतरी फिरून गेल्यासारखं वाटायचं. चतुर यायचे. एक बगळा रोज यायचा आणि सुतळी ओलांडून थेट गवतावर उतरायचा. मुलांना ते अजिबात आवडलं नाही. पण तो एकेक पाय उचलून, थांबून, पुन्हा टेकवून असा काही चालायचा की शेवटी त्यांच्यातल्याच एकानं निकाल दिला, "हळू चाललाय. चालंल."

डबा खाऊन झाला की माझी मुलं कडेला ओळीनं बसायची. गवताला काय स्वप्न पडत असेल यावर बोलणं चालायचं.

"पाण्याचं पडत असंल."

"टेम्पोचं."

"म्हशीचं पडत असंल. भेव वाटत असंल त्याला."

ती दोन रिबिनींची मुलगी ह्या बोलण्यात नसायची. ती कडेला बसून गवताकडे बघत राहायची. एकदा तिनं मला विचारलं, "म्याडम, हे उठणार हाय का?" मी म्हणाले, हो, उठणार. "कधी?" मी म्हणाले, एकवीस दिवस झाले की. तिनं बोटं मोजली, हाताची संपली, मग पायाच्या बोटांकडे पाहिलं. मला ते गोड वाटलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून पुढं गेले. खरं तर तेव्हाच थांबायला हवं होतं.

दहाव्या-अकराव्या दिवशी पाण्याच्या टाकीकडचा कोपरा पिवळा पडला. तीन-चार चौकोन असतील. तिथं खाली दगड राहिला होता की पाणी कमी पोचत होतं, कळलं नाही. आधी टोकं पिवळी झाली, मग सगळंच वाळत गेलं. मुलं येऊन बघायची आणि परत जायची. मला वाटलं, वाईट वाटलं असेल.

चार-पाच दिवसांनी त्या मुलीची आई शाळा सुटायच्या वेळेला आली. मिरचीच्या तोडणीवरून तशीच आली होती, हाताला फडकं बांधलेलं. दारातच उभी राहिली. मी आत या म्हणाले तरी चप्पल काढून उंबऱ्यावरच टेकली.

"म्याडम, पोरगी झोपून न्हाई राह्यली," ती म्हणाली. "चार दिवस झाले. डोळे मिटायला लागले की उठून बसती. गालावर पाणी मारून घेती. दिवसा अशी पेंगती, जेवताना घास तोंडात तसाच राहतो."

मी विचारलं, ताप वगैरे आहे का.

"बिलकुल न्हाई." तिनं फडक्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "तिचे आजोबा गेले न, आखाडात. दुपारी बाजेवर पडले आन तसेच गेले. ही तिथंच खेळत होती. आम्ही तिला म्हणलं, आजोबा झोपलेत. काय सांगावं लेकराला? तवा काही बोलली न्हाई. आता म्हणती, आजोबा झोपले ते उठले न्हाईत. शाळेतलं गवतबी झोपलंय, तेबी पिवळं पडलं. मी झोपणार न्हाई."

माझी नजर टाकीकडच्या कोपऱ्याकडे गेली.

"तुम्हाला बोल लावायला न्हाई आले," ती लगेच म्हणाली. "तुमचं ऐकती ती. तुम्ही सांगा काहीतरी."

काहीतरी सांगणं हेच तर मी केलं होतं. ती बाई रागावून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. स्कूटीवरून घरी जाताना भोकरदनचा रस्ता कधी संपला ते मला समजलं नाही. हेडसरांना दुसऱ्या दिवशी सांगितलं तर ते म्हणाले, "अहो, लहान पोरांना आपण काहीतरी सांगतोच. विसरंल ती." ते मला धीर देत होते हे कळत होतं.

त्या दिवशी मी तिला घेऊन गवताच्या कडेला बसले. डोळ्यांखाली काळं आलं होतं तिच्या. मी सांगितलं की गवत झोपत नाही. मुलांनी त्याच्यावर पाय देऊ नये म्हणून मी तसं म्हणाले होते. त्याची मुळं अजून मातीत गेलेली नाहीत, आणि त्या कोपऱ्यातली गेलीच नाहीत म्हणून ते वाळलं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग आजोबा?"

"आजोबा वारले," मी म्हणाले. "ते झोपले नव्हते, बाळा. त्यांचं शरीर म्हातारं झालं होतं, ते थांबलं."

"बाजेवर झोपल्ते. मी पाह्यलं."

ती खरं बोलत होती. दुपारी ते झोपलेच होते. मी म्हणाले, बाकी सगळी माणसं झोपतात आणि उठतात. तू उठतेस, आई उठते, मी उठते. तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. एकदा खोटं बोललेल्या माणसाकडे जसं बघतात तसं. मग उठून वर्गात गेली.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळची शाळा होती. अकराला सगळे गेले. हेडसर केंद्रावर मीटिंगला गेले होते. तिच्या आईला तोडणीवरून यायला वेळ होता, म्हणून ती मुलगी माझ्याजवळ थांबली. आम्ही दोघीच. ढग आले होते, ऊन मऊ होतं. एकवीस दिवसांना अजून दोन दिवस बाकी होते.

मी तिला म्हणाले, चल, मुळं बघू. कडेच्या एका चौकोनाखाली बोटं घालून उचलायला लागले, तो उचलेना. पहिल्या आठवड्यात नुसत्या पाण्याच्या धारेनं सरकायचा, आता जमिनीनं धरून ठेवला होता. तिनंही ओढून पाहिला. दोन्ही हातांनी ओढला. मग तिथली माती थोडी उकरली तर पांढरे बारीक दोरे खाली गेलेले दिसले. तिनं एकाला बोट लावलं आणि पटकन काढून घेतलं.

मी सुतळी ओलांडली. तिला हात दिला. ती नाही म्हणत होती, मग आली. गवत थंड होतं, जरा ओलं. आम्ही मधोमध जाऊन बसलो आणि मग मी पाठ टेकली.

माझ्या मनात होतं ते एवढंच, की डोळे मिटून झोपल्याचं सोंग घ्यायचं आणि पाच मिनिटांनी उठून दाखवायचं. तिला तसं सांगितलंही. "मी आता झोपते. तू बघत बस. मी उठते का नाही ते बघ." सकाळी पाचपासून उठलेली होते. डोळे मिटले. मक्याची सळसळ येत होती, लांब कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर चालू होती. एक टेम्पो गेला, त्याचा आवाज कमी कमी होत गेला आणि तो पूर्ण थांबला तेव्हा मी माहेरच्या शेतात होते. कुणीतरी जमिनीची घडी करून खांद्यावर टाकली होती आणि पुढं चाललं होतं, मी मागून चालत होते. पायाखाली काय आहे ते दिसत नव्हतं, पण बरं वाटत होतं. कुणीतरी म्हणत होतं, अजून थोडं, अजून थोडं.

नाकाखाली काहीतरी गुदगुल्या करत होतं म्हणून जाग आली. तिचं बोट होतं. मी श्वास घेतेय का ते बघत होती. दुसऱ्या हातात तिनं पाटी धरली होती, माझ्या डोळ्यांवर सावली पडेल अशी. ढग केव्हाच सरकले होते. ऊन कट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला गेलं होतं. तासभर तरी झाला असावा.

"म्याडम," ती म्हणाली, "तुम्ही घोरता."

मी उठून बसले. पाठ ओली झाली होती, केसात गवत.

"लई वेळ झोपल्त्या तुम्ही," ती म्हणाली. "मी हाकबी मारली. उठल्या न्हाई. मला वाटलं आता झालं. मंग तुम्ही घोरायला लागल्या." मग म्हणाली, "आजोबा घोरत नव्हते. तवा घोरत नव्हते."

"नाही," मी म्हणाले.

"तुम्ही उठल्या."

"हो, उठले."

तिनं पाटी खाली ठेवली. मग मला दिसलं की तिची आई फाटकाशी उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. आत आली नव्हती, आवाज दिला नव्हता. सुतळीजवळ येऊन ती थांबली आणि मुलगी उठून तिच्याकडे गेली. आईनं तिला उचलून घेतलं, एवढ्या मोठ्या मुलीला. फाटकाबाहेर रस्त्याला लागेपर्यंत त्या मुलीची मान आईच्या खांद्यावर पडली होती आणि एक रिबीन सुटून पाठीवर लोंबत होती. सोमवारी आईनं सांगितलं की पोरगी त्या दिवशी जेवायलासुद्धा उठली नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी बकऱ्या सोडायच्या वेळेला उठली.

तिची भीती त्या एका दुपारी गेली असं मी म्हणणार नाही. पुढं काही दिवस ती वर्गात अधूनमधून मला विचारायची, "काल झोपल्त्या का?" मी हो म्हणायचे, मग ती पाटीकडे वळायची. हळूहळू विचारणं कमी झालं. माझ्या वर्गातल्या बाकी मुलांनाही मी खरं काय ते सांगितलं. मला वाटलं होतं हिरमुसतील. त्यांच्यातला एक म्हणाला, "आम्हाला माहीत होतं, म्याडम. पण तुम्हाला बरं वाटत होतं." अजूनही मला ठरवता आलेलं नाही की तो खरं बोलत होता का. तेव्हापासून मुलांना काही सांगताना मी आधी एकदा मनात वाचून बघते.

सोमवारी सकाळी हेडसर गवतापाशी कमरेवर हात ठेवून उभे होते. मधोमध गवत दबलेलं होतं, चांगला माणसाएवढा आकार. "कुणीतरी लोळलंय," ते म्हणाले. "म्हशीचं काम न्हाई हे." मी म्हणाले, मीच होते सर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या आकाराकडे पाहिलं, आणि पाण्याचा पाइप उचलला.

तोच एकविसावा दिवस होता. प्रार्थना झाल्यावर त्यांनी सुतळी सोडली आणि मुलांना सांगितलं, आता जा. कुणीच गेलं नाही. सगळी शाळा चारी कडांना उभी राहिली. काहींनी आपणहून चपला काढल्या होत्या. मोठी मुलं धाकट्यांना पुढं ढकलत होती, धाकटी मागं सरकत होती. तीन आठवड्यांची सवय अशी लगेच जाईना. शेवटी हेडसरांनीच बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले आणि पॅन्ट जरा वर धरून आत पाय टाकला. गावातल्या मुलांनी हेडसरांचे पाय त्याआधी कधी पाहिले नव्हते.

"ओलं हाय," ते म्हणाले.

मग कोण आधी गेलं ते दिसलंच नाही. आवाज इतका झाला की रस्त्यावरून चाललेली दोन माणसं सायकल थांबवून फाटकातून बघायला लागली. लंगडी सुरू झाली, कुणी कोलांट्या मारल्या, कुणी नुसतंच पालथं पडून तोंड गवतात घातलं. टाकीकडच्या वाळलेल्या कोपऱ्यातही मुलं उभी होती. मी हजेरीचं पुस्तक घेऊन माझ्या दारात थांबले. पहिला तास सुरू व्हायची वेळ होऊन गेली होती, आणि हेडसर अजून अनवाणीच होते.